हिरवा गालिचा आणि अनर्थदंड



इथे आपण पाणी गाळण्यापासून चातुर्मासातल्या स्वयंपाकापर्यंत सगळं बोलतो, त्यात लॉनचं गवत मधेच कुठून आलं, असं काही जणींना वाटेल. पण मिनेसोटा, शिकागो, टोरोंटो, न्यू जर्सी अशा थंडीच्या गावांत घर घेतलेल्या आपल्या बहुतेकींच्या दारात लॉन आहे. आणि माझं म्हणणं असं आहे की आपल्या घरात सगळ्यात जास्त विनाकारण हिंसा स्वयंपाकघरात होत नाही. ती दारातल्या लॉनवर होते, आणि बियाणं निवडलं त्याच दिवशी ती बरीचशी ठरून जाते.

आपण दुकानात ब्रेडचं पाकीट उलटून अंडं आहे का बघतो. चीजमध्ये रेनेट, गोळ्यांमध्ये जिलेटिन, केकमध्ये काय काय, सगळं तपासतो. कांदा-बटाटा तर सोडाच, काही घरांत पालेभाजीचं पान न् पान निवडून मगच चिरतात. आणि त्याच घरासमोर वर्षातून चार-पाच वेळा लॉन कंपनीचा ट्रक येऊन उभा राहतो. एप्रिल-मेमध्ये तण उगवू नये म्हणून औषध. मग रुंद पानांचं तण मारायचं औषध. जून-जुलैत मातीतल्या अळ्या मारायचं औषध. मधे मधे खत. जाताना तो माणूस कडेला एक छोटं झेंडूक लावून जातो, मुलांना आणि कुत्र्यांना सुकेपर्यंत गवतावर सोडू नका म्हणून. जिथे आपल्या मुलांनी पाय ठेवायचा नाही, तिथे गांडुळांनी काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

हे सगळं कशासाठी? बहुतेक ठिकाणी एका गवतासाठी, केंटकी ब्लूग्रास. नाव केंटकीचं असलं तरी ते मूळचं युरोप-आशियाकडचं. गडद हिरवं, मऊ, जमिनीखालून धुमारे टाकत पसरणारं, आणि उणे तीसची थंडी काढणारं. गवत म्हणून त्यात काही वाईट नाही. पण आपल्याला ते ज्या रूपात हवं असतं, म्हणजे मे ते ऑक्टोबर सलग हिरवं, दाट, एकही पिवळं फूल नसलेलं, त्या रूपात ते फुकट राहत नाही. त्याची मुळं फार खोल नसतात, त्याला भरपूर ऊन आणि भरपूर नत्र लागतं. कडक उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही की ते पिवळं पडून झोपी जातं, जे त्याच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. पण आपल्याला ते सहन होत नाही, आणि आपण स्प्रिंकलर लावतो.

पाण्याचा हिशोब करून बघा. ५,००० चौरस फूट लॉनला आठवड्याला एक इंच पाणी द्यायचं म्हणजे सुमारे ३,१०० गॅलन, जवळजवळ १२,००० लिटर. आपल्या गावाकडच्या भाषेत, दर आठवड्याला एक टँकर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकड्यांप्रमाणे इथल्या घरगुती पाण्यातलं जवळपास एक तृतीयांश पाणी बागा आणि लॉनमध्ये जातं. आपण नळाला गाळणं बांधणाऱ्या बायका आहोत. अप्काय जीवांचा विचार करून तांब्यात हवं तेवढंच पाणी ओतून घेणाऱ्या आज्यांच्या आपण नाती. आणि गवत ऑगस्टमध्ये पिवळं दिसू नये म्हणून आपण आठवड्याला टँकर ओततो.

आता शास्त्राकडे येऊ. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुति आणि प्रमादचर्या. त्यातली प्रमादचर्या म्हणजे काय? कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वनस्पती तोडणं. स्वाध्यायात हे आपण दरवर्षी ऐकतो आणि माना डोलावतो. मला तर त्या यादीत शनिवार सकाळचं आपलं लॉन दिसतं.

यावर पहिलं उत्तर येतं ते हे: "अगं, गवत एकेंद्रिय आहे. गृहस्थाला स्थावर हिंसा पूर्ण टाळता येत नाही." बरोबर आहे, टाळता येत नाही. पण टाळता येत नाही म्हणजे मोजायची नाही असं नव्हे. आणि गवत एकेंद्रिय असलं तरी गवतात राहणारे सगळे एकेंद्रिय नाहीत. गांडूळ द्वींद्रिय. मुंगी त्रींद्रिय. मधमाशी चतुरिंद्रिय. ज्या अळ्यांसाठी जुलैत औषध टाकतात त्या म्हणजे आपल्याकडची हुमणी, किंवा तिची इथली बहीण, जपानी भुंगेऱ्याची अळी. हा भुंगेरा १९१६ मध्ये न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून पसरतोय. ही त्रस जीवांची हत्या आहे, ठरवून, पैसे देऊन, दिवस नक्की करून केलेली. तिला आरंभी म्हणायचं की संकल्पी? विरोधी हिंसा म्हणावी तर अळीने आपल्यावर कुठला हल्ला केलाय? ती गवताची मुळं खाते, बस्स. मला तरी तिच्यासाठी संकल्पी सोडून दुसरं नाव सापडत नाही.

इथे हुमणीचं नाव आलं म्हणून एक गोष्ट बोलतेच. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या आपल्या कितीतरी घरांत ऊस आहे. हुमणी उसाचं काय करते ते आपल्या काका-मामांना विचारा. उभा ऊस वाळतो, वर्षाचं उत्पन्न जातं. तेव्हा ते जे करतात ती उद्योगी हिंसा. तीही कमी व्हावी म्हणून काही जण वळिवाचा पाऊस झाला की भुंगेरे झाडांवरून गोळा करतात, प्रकाश सापळे लावतात. सुट्टीत गावी गेल्यावर आपण त्यांना फवारणीवरून चार गोष्टी ऐकवतो. पण त्यांच्या फवारणीमागे पोट आहे. आपल्या फवारणीमागे काय आहे? शेजाऱ्याचं लॉन.

दुसरं उत्तर: "आम्ही काही फवारत नाही, कंपनी फवारते." मैत्रिणींनो, कृत, कारित, अनुमोदना ही तीन नावं आपल्याला लहानपणी पाठशाळेत शिकवली होती. कारित म्हणजे करवून घेतलेलं. महिन्याच्या बिलावर आपलं नाव आहे.

आणि मधाचं काय? मध आपण खात नाही. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांतला. औषधातून मध दिला तरी आपल्या सासवा तोंडात घालत नव्हत्या. पण अळीसाठी टाकतात त्यातलं इमिडाक्लोप्रिड हे झाडाच्या अंगात भिनणारं औषध आहे. लॉनमध्ये क्लोव्हर फुललं असेल तर ते त्याच्या फुलातल्या मधात आणि परागात उतरतं, आणि तिथून मधमाशीच्या पोटात. मधमाशीने गोळा केलेला थेंब आपण नाकारतो आणि मधमाशीलाच विष देतो. याला व्रत म्हणता येत नाही.

आता बियाण्याकडे या, कारण उपाय तिथे आहे.

थंड प्रदेशात लॉनसाठी मुख्यतः चार तऱ्हेची गवतं मिळतात. आपल्याकडची हरळी, जिला आपण दूर्वा म्हणतो, ती इथे बर्म्युडा ग्रास नावाने विकतात. जॉर्जिया-टेक्सासकडे ती ठीक, उत्तरेच्या हिवाळ्यात टिकत नाही. आपल्याला लागतात ती १५ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये जोमाने वाढणारी थंडीची गवतं. पहिलं केंटकी ब्लूग्रास, त्याची कथा वर झालीच. दुसरं पेरेनियल रायग्रास. ते पाच-दहा दिवसांत उगवतं म्हणून दुकानदाराला आवडतं, पण अतिथंडीत ते मरू शकतं, आणि मग दर वर्षी पुन्हा पेरणी. तिसरं टॉल फेस्क्यू. मुळं खोल जातात, त्यामुळे पाणी कमी लागतं, अळ्यांचा त्रासही ते जास्त सोसतं. न्यू जर्सी, शिकागोकडे ते उत्तम. मिनेसोटाच्या उत्तरेकडे बर्फाचा थर फार दिवस राहिला तर त्याला इजा होते.

चौथं आहे फाइन फेस्क्यू, आणि माझा सगळा आग्रह याच्यासाठी आहे. हे एक गवत नाही, एका घरातल्या जावा आहेत: क्रीपिंग रेड, च्यूइंग्ज, हार्ड, शीप. सुईसारखी बारीक पाती. सावलीत चालतं, हलक्या जमिनीत चालतं, कडक थंडीत चालतं. ब्लूग्रासच्या मानाने खत निम्म्याहूनही कमी लागतं. हळू वाढतं, म्हणून कापणी कमी. ऊन-सावलीच्या अंगणात हेच सगळ्यात कमी मागणारं गवत आहे. कापलंच नाही तर पाच-सहा इंच वाढून आडवं पडतं आणि लाटांसारखं दिसतं. तीन-चार इंचांवर कापत राहिलं तर रस्त्यावरून जाणाऱ्याला ते साधं लॉन दिसतं, सोसायटीच्या नियमांतही बसतं.

त्याची उणीवही सांगते. मुलं रोज फुटबॉल खेळत असतील तर तेवढी तुडवातुडव फाइन फेस्क्यू सोसत नाही. पाणी साचणाऱ्या चिकण जमिनीतही ते रमत नाही. तिथे खेळण्यापुरत्या तुकड्यात टॉल फेस्क्यू किंवा थोडं ब्लूग्रास घाला. भोगोपभोग परिमाण म्हणजे तरी काय? जेवढं लागतं तेवढंच.

बियांच्या पिशवीवर लेबल असतं, त्यावर कुठलं गवत वजनाने किती टक्के ते लिहिलेलं असतं. पिशवीच्या तोंडावर "ऊन आणि सावली" असं लिहिलं असेल, मागे बघाल तर निम्मं रायग्रास. 'अॅन्युअल रायग्रास' लिहिलं असेल तर पिशवी परत ठेवा, ते हिवाळ्यात मरणारच. तणाच्या बियांचं प्रमाण बघा, तपासणीची तारीख बघा. बियांना बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं आहे का तेही बघा. बिस्किटाचं लेबल वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागतो.

खताचं लेबल तर वाचायलाच हवं. "ऑरगॅनिक" शब्द बघून आपण निर्धास्त होतो. त्या पिशवीत बऱ्याचदा बोन मील, ब्लड मील, फेदर मील असतं. हाडांची भुकटी, सुकवलेलं रक्त, पिसं. कत्तलखान्यातलं उरलंसुरलं आपण आपल्या हाताने मंदिराच्या वाटेवर शिंपडतो. ज्यांना खत हवंच आहे त्यांच्यासाठी सोयाबीनची किंवा अल्फाल्फाची पेंड मिळते, घरचं कंपोस्ट असतं. कापलेलं गवत तिथेच पडू दिलं तर लॉनला लागणाऱ्या नत्राचा जवळपास पाव हिस्सा त्यातूनच भागतो. उरलेल्यातलं बरंचसं क्लोव्हर भागवतं, कारण ते हवेतला नत्र आपल्या मुळांतल्या गाठींत साठवतं.

क्लोव्हरला तण ठरवलं कुणी, हेही माहीत असू द्या. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेत लॉनच्या बियाण्यात पांढरं क्लोव्हर मुद्दाम मिसळलं जायचं. युद्धानंतर २,४-डी नावाचं तणनाशक बाजारात आलं. ते गवत सोडून रुंद पानांचं सगळं मारतं, क्लोव्हरसुद्धा. औषधाला क्लोव्हर वेगळं काढता येईना, म्हणून क्लोव्हरच तण झालं. औषध विकणाऱ्यांच्या सोयीने ठरलेली ही शोभा आपण सत्तर-ऐंशी वर्षांनंतर डॉलर मोजून जपतोय.

आणि हे सगळं ओळखायला इथल्या लोकांना आगम लागला नाही. क्यूबेकमधल्या हडसन या छोट्या गावात जून अर्विन नावाच्या एक त्वचारोगतज्ज्ञ बाई १९८५ पासून नगरसभेच्या बैठकीला जाऊन या फवारण्या थांबवा म्हणून सांगत राहिल्या. १९९१ मध्ये गावाने बंदी केली, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पुढे २२ एप्रिल २००९ पासून सगळ्या ऑंटारिओत केवळ शोभेसाठी कीटकनाशकं-तणनाशकं वापरायला बंदी आली. शेतीला त्यात सूट आहे. म्हणजे पोटासाठीची हिंसा वेगळी आणि शोभेसाठीची वेगळी, हा भेद त्यांनी कायद्यात लिहिला. तो आपल्या घरी कित्येक शतकं लिहिलेला होता. टोरोंटोतल्या मैत्रिणी आज कायद्यामुळे फवारत नाहीत. आपण, ज्यांच्याकडे व्रत आहे, कायदा नाही म्हणून फवारतो.

मिनेसोटानेही २०१९ मध्ये लॉनमध्ये फुलझाडं लावणाऱ्यांना पैशाची मदत करणारी योजना सुरू केली. इथल्या विद्यापीठाने सुचवलेल्या 'बी लॉन'मध्ये फाइन फेस्क्यूबरोबर पांढरं क्लोव्हर, सेल्फ-हील आणि जमिनीलगतचं थाइम असतं. अशा लॉनवर अर्थातच औषध टाकायचं नाही. अनवाणी चालणाऱ्या मुलांनी फुलांवरच्या माश्या बघून पाय टाकायचा, ही समितीही आपोआप शिकवली जाते.

आता काळाचा प्रश्न, जो फक्त आपल्यालाच पडतो. थंड प्रदेशात गवत पेरायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे साधारण १५ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. म्हणजे बरोबर चातुर्मास, आणि बऱ्याचदा ऐन दशलक्षण पर्व. त्या दिवसांत हिरवी भाजी सोडून जमीन उकरत बसायचं का? गरज नाही. दुसरी वेळ आहे. कार्तिकातली अष्टान्हिका संपली की नोव्हेंबरमध्ये इथली माती चार-पाच अंशांच्या खाली जाते. त्या थंडीत बी टाकलं तर ते उगवत नाही, बर्फाखाली पडून राहतं आणि वसंतात उगवतं. याला डॉर्मंट सीडिंग म्हणतात, आणि इथले कृषी विस्तारवाले ते रीतसर शिकवतात. जमीन खणायची नाही. जुनं गवत शेवटचं आखूड कापायचं, पाला गोळा करायचा, दाताळ्याने वरवर ओरखडायचं, बी फेकून पायाने दाबायचं. किडामुंगी त्या वेळी खोल गेलेली असते. फक्त उतारावर हे करू नका, बर्फ वितळताना बी वाहून जातं. मोकळ्या जमिनीत फाइन फेस्क्यू १,००० चौरस फुटांना चार ते पाच पौंड लागतं, जुन्या लॉनमध्ये टाकताना कमी चालतं.

जुनं लॉन विष घालून मारून मग नवं 'अहिंसक' लॉन लावायचं, असला उद्योग मात्र कुणी करू नका. आहे त्या ब्लूग्रासमध्येच दर वर्षी थोडं फेस्क्यू मिसळत जा, उंची तीन-साडेतीन इंच ठेवा, उन्हाळ्यात त्याला झोपू द्या. अगदीच कोरडं पडलं तर तीन-चार आठवड्यांनी अर्धा इंच पाणी त्याचा जीव टिकवायला पुरतं. पाऊस आला की ते उठतं.

तिसरं उत्तर येतं ते दुसऱ्या टोकाचं: "एवढं पाप असेल तर लॉनच नको, दगड टाकू, नाहीतर प्लॅस्टिकचं गवत." प्लॅस्टिकखाली माती गुदमरते, उन्हात ते चटके बसतील इतकं तापतं. दगडांतून तण येतंच, आणि मग त्यावर पुन्हा औषध. संवर माती झाकून होत नाही, मन आवरून होतो.

आणि शेवटचं, जे कुणी मोठ्याने म्हणत नाही: "शेजारी काय म्हणतील? आधीच आपण वेगळे." इथे आपण मुलांना शाळेच्या वाढदिवसाला वेगळा केक देऊन पाठवतो. ऑफिसच्या पार्टीत सूर्यास्तानंतर जेवत नाही. या सगळ्यात आपल्याला वेगळं असण्याची लाज वाटली नाही. मग चार पिवळ्या फुलांचीच लाज का वाटावी? आपली मुलं हे बघत असतात. कंदमुळं का नाही, याचं उत्तर आपण त्यांना जीव मोजून देतो. उद्या त्यांनी ट्रककडे बोट दाखवून तेच जीव मोजायला सांगितले, तर आपल्याकडे उत्तर हवं. नाहीतर आपला धर्म फक्त ताटापुरता आहे, असं त्यांना वाटेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

तेव्हा या वर्षी तीन गोष्टी करा. फवारणीचा करार बंद करा, निदान अळीचं औषध तरी आजच. खताच्या पिशवीचं लेबल वाचा आणि हाडं-रक्त असेल तर दुकानात परत द्या. आणि कार्तिकानंतर एक पिशवी फाइन फेस्क्यू, मूठभर क्लोव्हर घालून, टाका. नियम घ्यायचाच असेल तर हा घ्या. सोपा आहे, आणि रोज पाळला जातो.